दगडावरचा आकडा

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द इतका पक्का चिकटला आहे की, नुसते अपशिंगे म्हटले तर कोणाला ते अपुरे वाटावे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्यासाठी इंग्रज सरकारने उभारलेले स्मारक गावात आहे.

अपशिंग्याचे नाव झाले, पण अशा खुणा इतरत्रही आहेत. घाटावर आणि कोकणात एखाद्या देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीत हातभर संगमरवरी पाटी सापडते. मजकूर ठरलेला : या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. मजकुराचा साचा एकच, आकडे तेवढे गावागणिक वेगळे. आणि नावे? ती बहुधा नसतातच.

ही माणसे गेली कुठे? मराठा पलटणींपैकी बऱ्याच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा पडला, तेव्हा आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले, घोडे कापून खायची वेळ आली. अखेर २९ एप्रिलला शरणागती झाली आणि पुढे कैदेत कितीतरी जण गेले. ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला मोठे स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा! या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. म्हणजे घरच्या दगडावरही आकडा आणि बसऱ्याच्या दगडावरही आकडाच.

आपल्याकडे वीरगळाची परंपरा फार जुनी. खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि कडेला चंद्रसूर्य. नाव तिथेही क्वचितच असते. पण निदान माणूस दिसतो, त्याच्या हातातली तलवार दिसते. गावाने त्याला शेंदूर लावून आपलासा केलेला असतो. संगमरवरी पाटीच्या नशिबी तेही नाही.

‘इंग्रजांच्या चाकरीतल्या लढाईचे कौतुक कशाला?’ असे काही जण विचारतात. मला हा प्रश्न गैर वाटत नाही. या पाट्यांमागे सरकारचा स्वार्थ होता, हेही उघड आहे. पण कोरडवाहू जमिनीवर पोट भरेना म्हणून पलटणीत गेलेल्या पोराचा हिशेब त्या सरकारच्या खात्यावर टाकून आपण मोकळे व्हायचे का? तो दगड साम्राज्याने बसवला असेल. त्यावरचा आकडा आपल्या घरांतला आहे.

आता यातल्या बऱ्याच पाट्यांनी शंभरी गाठली आहे. नेमके याच सुमारास देवळांचे जीर्णोद्धार जोरात आहेत. जुनी भिंत पडते, गुळगुळीत टाइल्स लागतात आणि पाटी राडारोड्याबरोबर जाते. कुठे तिच्यावर ऑइलपेंटचा हात फिरतो आणि अक्षरे बुजतात.

खरे तर नावे अगदीच हरवलेली नाहीत. आयोगाच्या नोंदवह्यांत हिंदी शिपायांची नावे आहेत. अनेकांपुढे वडिलांचे नाव आहे, गाव आहे, जिल्हा सातारा किंवा रत्नागिरी असेही लिहिलेले आहे. इंग्रजी कारकुनाने लिहिलेली ती गावांची नावे चक्रावून टाकतात हे खरे. पण ती ओळखायला गावचाच माणूस लागतो. शाळेतल्या मास्तरांनी मुलांना हाताशी धरून एकेका गावाची यादी लावायला घेतली, तर पाटीवरच्या आकड्याशी ताळा करता येईल. मात्र ताळा करायला पाटी जागेवर हवी. तेव्हा तुमच्या गावच्या देवळाचे काम निघाले असेल, तर गवंड्याचा हातोडा पडण्याआधी ती भिंत एकदा नीट पाहून या.