आधी पत्रा, मग कागद, इंजिन शेवटी

जुनी मोटार घरासमोर उभी असली म्हणजे येणारेजाणारे दोनच प्रश्न विचारतात. चालू होते का? आणि भंगारात कधी देणार? आमच्या थोरल्या बंधूंच्या दारात निळ्या ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या प्रीमिअर पद्मिनीबद्दल हे प्रश्न आठ वर्षे विचारले जात होते. दादा हसून वेळ मारून नेत. गाडी १९८४ सालची. दादांनी ती १९९६ साली सोसायटीचे कर्ज काढून जुनीच घेतली. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. आईला इस्पितळात नेली ती याच गाडीतून, आणि दोन बहिणींच्या सासरची पहिली दिवाळीही याच गाडीने पोहोचवली.

दादा रेल्वेच्या कारखान्यात बत्तीस वर्षे फिटर होते. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातला थोडा भाग त्यांनी गाडीसाठी बाजूला काढला. त्यांचा मुलगा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करतो. तो म्हणाला, "बाबा, इंजिन बदलून टाकू. एकशे अठराचं बसवू, गाडी पळेल." वहिनी भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "इंजिन नवं घालाल, पण मागच्या सीटखाली पाय ठेवला की रस्ता दिसतो त्याचं काय?"

सगळी गोष्ट वहिनींच्या त्या एका वाक्यात आहे. घरात जुनी गाडी असलेले आपले बरेच बांधव प्रथम इंजिनाच्या मागे लागतात. इंजिन आवाज करते, धूर सोडते, म्हणून ते डोळ्यांत येते. पत्रा मात्र मुकाट्याने कुजत असतो.

पद्मिनीची रचना समजून घेतली पाहिजे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चॅसी असते, तिच्यावर बॉडी बोल्टाने बसवलेली असते. पद्मिनीचे तसे नाही. ही मूळची इटलीतल्या फियाट अकराशेची बांधणी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे काढली. तिची बॉडी हीच तिची चॅसी. खालचा फ्लोअर आणि दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्या, यांवरच सारा भार. मागच्या कमानपाट्यांची टोकेही याच बॉडीला अडकवलेली असतात. ती जागा कुजली की गाडीचा कणाच मोडला म्हणायचे. अशा गाडीत जास्त ताकदीचे इंजिन घालणे म्हणजे पडक्या घरावर माडी चढवणे.

मॅटिंग काढले तेव्हा जे दिसले ते पाहून दादा पायरीवर बसून राहिले. ड्रायव्हरच्या पायाखाली हाताएवढे भोक. डाव्या पट्टीवर कधीतरी कोणी लांबी भरून वर रंग मारला होता. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला. पावसाचे पाणी पुढच्या काचेखालून आत उतरत होते आणि मॅटिंगखाली महिनोन्‌महिने साठत होते. आठ वर्षे ताडपत्री घालून आपण गाडी जपतो आहोत असे आम्हाला वाटत होते. ताडपत्रीने वरचे पाणी अडवले खरे, पण खालची ओल कोंडून ठेवली. गाडी झाकायचीच तर वारा खेळता राहील अशी झाका, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

वेल्डिंगला सुरुवात करण्यापूर्वी पेट्रोलची टाकी उतरवून घराबाहेर लांब ठेवली. टाकी रिकामी आहे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त घातक असते. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता चारही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या. दरवाजे बंद ठेवूनच खालच्या पट्ट्या कापल्या, त्याही एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी मधोमध लचकते आणि मग दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. नवा पत्रा बसला, रेडऑक्साइड लागले, पट्ट्यांच्या पोकळीत आतून तेल फवारले. एवढ्यावरच अडतीस हजार रुपये गेले आणि पावसाळा आला. मुलगा कुरकुरला. इंजिनाला अजून पानाही लागला नव्हता.

मग इंजिनाकडे वळलो. येथेही बदलायचेच असे धरून न चालता दादांनी आधी तपासणी केली. चारही प्लग काढून सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यात काटा एकशे वीसच्या आसपास, तिसऱ्यात सत्तर. दादांनी मुलाला विचारले, "आता काय करशील?" तो म्हणाला, "हेड खोलतो." दादा म्हणाले, "थांब. आधी चमचाभर इंजिन ऑइल तिसऱ्यात घाल आणि परत मोज." घातले. काटा एकशे पाचवर गेला. ऑइलने पिस्टन आणि बोअरमधली फट तात्पुरती बुजते. तेव्हा आकडा वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. वाढला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर बहुधा त्या दोघांमधली गॅस्केट गेलेली असते. चमचाभर तेलात दोष कुठे आहे ते कळते आणि वर्कशॉपचे शेपाचशे वाचतात.

इंजिन उघडल्यावर मात्र नशिबाने साथ दिली नाही. बोअर आधीच दोनदा मोठे केलेले निघाले आणि ब्लॉकला पाण्याच्या कप्प्याजवळ बारीक तडा होता. बिडाचा तडा सांधणारे कारागीर आहेत, पण घरच्या माणसांना घेऊन लांब जायचे त्या गाडीत असा ब्लॉक ठेवायला दादा तयार होईनात. इंजिन बदलायचे हे तेव्हा ठरले. आता कोणते घालायचे, हा प्रश्न.

मुलाच्या डोक्यात होते ते प्रीमिअरच्याच ११८ एनई गाडीचे, मूळ निस्सानच्या बनावटीचे ११७१ सीसीचे इंजिन. आमचे १०८९ सीसीचे. आकड्यात फरक थोडाच दिसतो, पण एक इंजिन काढून दुसरे ठेवले असे ते काम होत नाही. माउंटिंगच्या जागा बदलतात. गिअरबॉक्सही त्याचाच घ्यावा लागतो, म्हणजे स्टिअरिंगजवळचा गिअर जाऊन फ्लोअर कापावा लागतो. जॉइंट शाफ्टची लांबी बदलून तो बॅलन्स करून घ्यावा लागतो. सम्प पुढच्या क्रॉसमेंबरला घासतो का, रेडिएटर पुरतो का, सायलेन्सरचा पाइप कुठून न्यायचा, हे सगळे पाहावे लागते. आणि एवढे करून ब्रेक तेच जुने ड्रमचे. पळण्याआधी थांबायची सोय पाहावी, असे दादांचे म्हणणे.

कागदाचा प्रश्न तर याहून मोठा. आरसी बुकात इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. दुसऱ्या जातीचे इंजिन बसवून गाडी रस्त्यावर आणली आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा नंबर जुळवून पाहील. मुलगा म्हणाला, "किती जण तसंच फिरवतात." दादा म्हणाले, "त्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे असतील. आपल्याकडे फंड आहे, तोही निम्मा संपला."

म्हणून त्याच जातीचे, १०८९ सीसीचे, पेट्रोलचेच इंजिन शोधायचे ठरले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन रविवार हिंडलो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. त्या मोडीत निघाल्या तशी त्यांची इंजिने बाजारात आली. पण टॅक्सीचे इंजिन म्हणजे लाखो किलोमीटर चाललेले, त्यातही बरीचशी सीएनजीवर, म्हणून व्हॉल्व्हच्या सीटा झिजलेल्या. पहिली दोन इंजिने दादांनी पाहूनच नाकारली. एकाच्या नंबराच्या जागी कानस फिरवल्याच्या रेघा होत्या. "हे चोरीचं असेल तर पोलीस विकणाऱ्याकडे नाही, आपल्या दारात येतील," असे त्यांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले. तिसरे एका मोडलेल्या घरगुती गाडीचे मिळाले. विकणाऱ्याने त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद दाखवला, इंजिन नंबर लिहून पक्के बिल दिले. ते दोन हजारांनी महाग पडले.

हे इंजिनही जसेच्या तसे बसवणार नाही. ते पूर्ण खोलले, क्रँक आणि बोअर मोजले, नवीन रिंगा, बेअरिंग, ऑइल सील, टायमिंग चेन घातली. इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि माउंटिंगची रबरेही बदलून घ्यावीत. नंतर त्याच कामासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या घेतल्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. नळी फुगते, चिरते, आणि तिच्याखाली तापलेले इंजिन असते.

खोललेल्या गाडीचा हिशेब वहिनींनी ठेवला. दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत बोल्ट घालून प्रत्येकीत चिठ्ठी: "रेडिएटर, वरचे दोन", "डायनॅमोचा लांब". तारा सोडवण्यापूर्वी त्यांनी मुलाच्या मोबाइलवर फोटो काढून घेतले. एकदा दादा आणि मुलगा एका नटावरून अर्धा तास भांडले. वहिनींनी पिशवी आणून समोर ठेवली.

कोणी सांगेल, विंटेज म्हणून नोंद करा. त्यासाठी २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आमची १९८४ ची, म्हणजे २०३४ पर्यंत तो विषयच नाही. आमची साधी वाट: आधी संपलेल्या नोंदणीचे नूतनीकरण, ज्याची फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे, आणि त्याबरोबर इंजिन बदलाचा अर्ज. सोबत बिल आणि नव्या इंजिन नंबराची पेन्सिलने घेतलेली छाप. ती छाप मुलानेच घेतली. तीन कागद फाडले, चौथ्यावर सगळे आकडे स्वच्छ उठले.

सध्या इंजिन दादांच्या पडवीत जुन्या टायरवर ठेवलेले आहे, वर गोणपाट. बॉनेट उतरवून भिंतीला टेकवले आहे. परवानगीचा कागद हाती आला की शनिवारी चेन-पुली भाड्याने आणायची. मुलगा रोज संध्याकाळी क्लासहून आला की गोणपाट उचलून क्रँक हाताने एक फेरा फिरवून पाहतो आणि पुन्हा झाकून ठेवतो.