जुन्या कॅम्पर व्हॅनमधील हीटर आणि एक पातळ पत्रा

ब्रिटनच्या हवामान खात्याचे मुख्यालय 2003 पर्यंत ज्या ब्रॅकनेलमध्ये होते, तेथील हिवाळा फार कडक नसला, तरी रात्रीचा पारा अनेकदा शून्याच्या आसपास रेंगाळतो, आणि कॅम्पर व्हॅनमधील, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीतील, गॅसचा जुना हीटर कुरकुरू लागतो तो नेमका अशा थंडीत. तेथे निळ्या सिलिंडरात मिळणारा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या सुमारास उकळत असल्याने त्याखाली त्याची पुरेशी वाफ होत नाही. लाल सिलिंडरातील प्रोपेन मात्र उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. म्हणून हीटर उघडण्याआधी सिलिंडरचा रंग पाहावा. मात्र जुन्या गाड्यांत ब्युटेनला 28 आणि प्रोपेनला 37 मिलिबारचा रेग्युलेटर लागत असल्याने नुसता सिलिंडर बदलून भागत नाही.

बटण दाबून धरले असता ज्योत पेटते आणि सोडताच विझते, तेव्हा संशय थर्मोकपलवर जातो. दोन भिन्न धातूंचा सांधा तापला की वीजदाब निर्माण होतो, या 1821 मध्ये थॉमस सीबेक यांच्या ध्यानात आलेल्या परिणामावर हा भाग चालतो: ज्योतीने तापलेल्या टोकातून मिळणाऱ्या काही मिलिव्होल्टवर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरतो आणि ज्योत विझताच झडप मिटते. टोकावरची काजळी किंवा सैल झालेला जोड एवढ्यानेही ही साखळी तुटते. पण झडप उघडी अडकवून ठेवणे ही दुरुस्ती नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

खरी परीक्षा उष्णता-विनिमयकाची, म्हणजे ज्वलनाचे वायू आणि खोलीतील हवा यांना वेगळे ठेवून केवळ उष्णता पलीकडे जाऊ देणाऱ्या धातूच्या कोठीची असते. तिचा पत्रा गंजून चिरला किंवा धुराच्या नळीत कोळ्याने जाळे विणून ज्वलन अपुरे झाले, तर रंग-गंध नसलेला कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचू शकतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने घेतलेले बळी याच वायूचे आहेत. निळी ज्योत पिवळी पडणे हा इशारा असला, तरी ती निळी दिसते म्हणून पत्रा शाबूत आहे असे ठरत नाही, त्यामुळे तपासणी आणि गळतीची चाचणी गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे ब्रिटनमधील गॅस-तंत्रज्ञांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदलेल्या, आणि ओळखपत्राच्या मागील बाजूस अशा वाहनांतील कामाचा उल्लेख असलेल्या, तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. चिरलेली कोठी लेप लावून वापरता येत नाही. नवी मिळेपर्यंत गॅस बंदच ठेवावा लागतो.