गावाची वेबसाइट: आधी मजकूर, मग तंत्र

भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीला वेबसाइट काढायची असो किंवा जुनी नव्याने बांधायची असो, बोलणे बहुधा रंग, फोटो आणि खर्च यांभोवतीच फिरते. पुढच्या पाच समजुती वेळीच दूर केल्या, तर गावाचा पैसा सत्कारणी लागेल.

गैरसमज १: आधी डिझाइन ठरवू, मजकूर मागाहून भरू.
वस्तुस्थिती: जन्मदाखल्यासाठी काय लागते, घरपट्टी कशी भरायची, ग्रामसभा कधी आहे, राजगड गुंजवण्याच्या चोर दरवाज्याने चढावा की पाली दरवाज्याने, हे लोकांचे प्रश्न आहेत. त्यांची यादी झाली की पाने आपोआप ठरतात. पंचायतीसाठी यादीचा मोठा भाग तयारच आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये १७ बाबी दिल्या आहेत. त्यांची माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावी लागते.

गैरसमज २: मराठीत टाइप केले की झाले, फॉन्ट कोणताही चालतो.
वस्तुस्थिती: कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये 'भोर' लिहिले, तर संगणकाच्या लेखी ती एच-के-के-एस-जे ही इंग्रजी अक्षरे असतात. शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत आणि अंध वाचकासाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही उमगत नाहीत. मजकूर युनिकोडमध्येच हवा. ठरावाचा नुसता स्कॅन चढवला तर तो चित्र म्हणूनच राहतो, म्हणून त्यासोबत टाइप केलेला सारांश द्या.

गैरसमज ३: मोठे फोटो आणि व्हिडिओ असले की साइट उठून दिसते.
वस्तुस्थिती: युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे हजार चिन्हे सुमारे ३ केबी. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज ४ एमबी असतो, म्हणजे त्या मजकुराच्या हजारपटीहून जड. डोंगराआड रेंज कमी पडते तिथे असे पान उघडतच नाही. फोटो लहान करूनच चढवा आणि दूरध्वनी क्रमांक, वेळा, कागदपत्रे हे सगळे साध्या मजकुरात ठेवा.

गैरसमज ४: एकदा भरलेली माहिती कायम चालते.
वस्तुस्थिती: २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. लोक दोन्ही नावांनी शोधतील, तेव्हा दोन्ही नावे पानावर असू द्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. जुने किंवा चुकीचे पान पाहुण्याची फसगत करते. प्रत्येक पानाला जबाबदार माणूस नेमा आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख छापा.

गैरसमज ५: नवी साइट म्हणजे जुनी पुसून टाकणे, पासवर्ड ठेकेदाराकडे असले तरी चालते.
वस्तुस्थिती: जुन्या पानांचे पत्ते लोकांच्या मोबाइलमध्ये आणि इतर साइटवर असतात. ते नव्या पानांकडे वळवले नाहीत तर सगळे दुवे तुटतात. डोमेन पंचायतीच्या नावावर, पासवर्ड कार्यालयाच्या दप्तरी आणि मजकुराची प्रत स्वतःकडे हवी. ठेकेदार बदलला तरी साइट गावाचीच राहिली पाहिजे.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि तरुण मंडळींना विनंती आहे: दरपत्रके मागवण्याआधी लोकांच्या प्रश्नांची यादी ग्रामसभेत वाचा आणि रोजची निगा कोण राखणार, ते नाव तिथेच ठरवा.