पासपोर्ट, व्हिसा आणि व्हीपीएन

परदेशी पोचल्यावर घरी व्हिडिओ कॉल लागलाच नाही तर? व्हीपीएन घ्यायचा की नाही, आणि घ्यायचाच तर कोणता? बॅग भरायच्या आधी वाचा.

ऑनसाइट मिळालंय? दुबईची ऑफर आलीय? की शांघायच्या ऑफिसात सहा महिन्यांचं पोस्टिंग? सर्वात आधी, अभिनंदन!

आता तयारी. पासपोर्ट, व्हिसा, कपडे, आईने डब्यात भरून दिलेलं मेतकूट, शेजारच्या काकूंच्या सूचना... यादी संपता संपत नाही. अंबरनाथ पूर्वेला तर अनुभवी सल्लागारांची कमीच नाही. कानसई असो वा शिवगंगानगर, सोसायटीत कुणाचा ना कुणाचा मुलगा, जावई, भाचा आखातात असतोच. शेजारच्या उल्हासनगरातल्या सिंधी व्यापारी कुटुंबांचं दुबईशी नातंही जुनंच. एवढे सगळे सल्ले देणारे असूनही एक प्रश्न मात्र राहूनच जातो. तिथून घरी कॉल कसा करणार?

'व्हॉट्सॲप आहे की!' तुम्ही म्हणाल. नेमकी इथेच गोची आहे. जगातल्या काही देशांत व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, काही ठिकाणी तर व्हॉट्सॲपच उघडत नाही. मग कुणीतरी मित्र बिनधास्त सांगतो, 'व्हीपीएन टाक ना, सगळेच टाकतात!' आणि आपणही पहिलं दिसेल ते फुकट ॲप डाउनलोड करून मोकळे होतो.

थांबा. 'बेस्ट व्हीपीएन कोणता?' हा प्रश्न नंतरचा. आधी तीन प्रश्न विचारा. मी कुठे राहणार आहे? मला तो नेमका कशासाठी हवाय? आणि माझी सगळी माहिती मी कुणाच्या हातात देतोय?

दुबईत नियम काय?

सुरुवात आपल्या लोकांच्या लाडक्या ठिकाणापासून. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, फोटो जातात, पण व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल बंद. फेसटाइमचंही तेच. इंटरनेटवरून कॉल देण्यासाठी तिथे परवाना लागतो. बोटिमसारख्या ॲप्सना तो मिळालेला आहे. २०२० मध्ये कोविडच्या काळात झूम आणि मायक्रोसॉफ्ट टीम्सलाही मोकळीक मिळाली.

म्हणजे महाशिवरात्रीला शिवमंदिरातली गर्दी आईने तुम्हाला लाइव्ह दाखवावी, एवढीच इच्छा असेल तर व्हीपीएनची गरजच नाही! तुमच्या फोनमध्ये बोटिम आणि आईच्याही फोनमध्ये बोटिम. झालं काम.

आता कायद्याचं बघू. तिथला सायबर गुन्ह्यांचा सध्याचा कायदा २०२१ चा, तो जानेवारी २०२२ पासून लागू झाला. गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आपला इंटरनेट पत्ता बदलला, तर तुरुंगवास किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. ५ लाख दिरहम म्हणजे आपले एक कोटीहून जास्त रुपये. आता बोला!

याचा अर्थ दुबईत व्हीपीएन हा शब्द उच्चारला तरी गुन्हा, असा मात्र नाही. कंपन्या आणि बँका त्यांच्या अंतर्गत नेटवर्कसाठी व्हीपीएन वापरू शकतात, असं तिथल्या दूरसंचार नियामकाने २०१६ मध्येच स्पष्ट केलंय. कायद्याचा रोख आहे तो हेतूवर. पण बंद केलेली सेवा आडमार्गाने वापरणं या जाळ्यात येऊ शकतं. रूममेट दोन वर्षं बिनधास्त वापरतोय, हा काही कायदेशीर सल्ला नव्हे. त्याला काही झालं नाही, एवढंच त्यातून कळतं.

चीनमध्ये व्हॉट्सॲप नाही, इथे वुईचॅट नाही!

चीनची तऱ्हा याहून अवघड. फेसबुक आणि यूट्यूब तिथे २००९ पासून बंद. गूगलने २०१० मध्ये तिथली सर्च सेवा हाँगकाँगला हलवली. पुढे जीमेल गेलं, २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर गदा आली. तिथे सगळा कारभार चालतो तो वुईचॅटवर. गप्पा, बिल, टॅक्सी, सगळंच. ठीक आहे, मग आईला वुईचॅट घेऊन देऊ? तेही जमायचं नाही. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉकच्या जोडीला वुईचॅटही होतं. म्हणजे मुलाकडे व्हॉट्सॲप चालत नाही आणि आईकडे वुईचॅट. दोन सरकारांच्या मध्ये लटकला तो साधा 'जेवलास का?'

त्यात ॲपलने २०१७ मध्ये चीनमधल्या ॲप स्टोअरमधून व्हीपीएन ॲप्स काढून टाकली आणि गूगलचं प्ले स्टोअर तिथे उघडतच नाही. त्यामुळे तिथे उतरल्यावर व्हीपीएन शोधायला निघालात तर शोधतच बसाल. सरकारी मान्यता नसलेला मार्ग वापरणाऱ्याला १५ हजार युआनपर्यंत दंडाची तरतूद आहे. विकणाऱ्यांवर तर आणखी कडक कारवाई होते. २०१७ मध्ये ग्वांगशी प्रांतात एका व्हीपीएन विक्रेत्याला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.

एक सोपी युक्ती मात्र अनेकांना माहीत नसते. भारतीय सिम रोमिंगवर असेल तर तुमचा डेटा सहसा आधी तुमच्या भारतातल्या कंपनीकडे येतो आणि मग इंटरनेटवर जातो. त्यामुळे रोमिंगवर व्हॉट्सॲप बऱ्याचदा चालतं. रोज परवडणार नाही, पण पोचल्याची खबर द्यायला आणि पहिल्या आठवड्यात हाताशी असायला चांगलं.

रशियात एमबीबीएसला जाणाऱ्यांनीही कान टवकारा. मार्च २०२२ मध्ये तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद झालं. मार्च २०२४ पासून व्हीपीएनची जाहिरात करायला मनाई आली. ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या कॉलवर निर्बंध आले. सांगायचा मुद्दा हा, की नियम बदलत राहतात. गेल्या वर्षी गेलेल्या सीनियरची माहिती यंदा शिळी झालेली असू शकते.

पारसिकचा बोगदा आठवा

आता जरा टेक्निकल, पण घाबरू नका. पारसिकचा बोगदा सगळ्यांनीच पाहिलाय. गाडी आत शिरली की बाहेरच्याला एवढंच कळतं की गाडी आत गेली. आत कोण बसलंय, काय चाललंय, काही दिसत नाही. दुसऱ्या तोंडाशी मात्र ती बाहेर पडतेच.

व्हीपीएनचा फंडा हाच. तुमचा फोन आणि व्हीपीएन कंपनीचा सर्व्हर यांच्यामध्ये एक सांकेतिक बोगदा तयार होतो. तिथल्या इंटरनेट कंपनीला दिसतं की तुम्ही बोगद्यात शिरलात, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. ज्या वेबसाइटवर जाता तिला तुमचा नाही, तर व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, तुम्ही व्हीपीएन वापरताय हे लपतंच असं नाही. चीनसारखे देश डेटाची चाल बघून बोगदा ओळखतात आणि बंद करतात. म्हणून अशा ठिकाणी व्हीपीएनची वाहतूक साध्या वेबसाइटसारखी भासवण्याची सोय ॲपमध्ये आहे का, हे बघावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आधी तुमचा भरवसा इंटरनेट कंपनीवर होता, आता तो बोगद्याच्या मालकावर गेला. तुम्ही कुठे कुठे जाता हे त्याला कळू शकतं. मग हा मालक कोण, हे नको का बघायला?

फुकटचं महागात

व्हीपीएन चालवायला सर्व्हर लागतात, माणसं लागतात, वीज लागते. कुणी ते फुकट देत असेल तर खर्च कुठून निघतोय, हे विचारायला हवं.

ओनावो प्रोटेक्टचं उदाहरण घ्या. ही व्हीपीएन कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. लोक कोणती ॲप्स किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुकला मिळत होती. २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून निघालं आणि २०१९ मध्ये बंदच झालं. होला नावाच्या फुकट सेवेचा प्रकार २०१५ मध्ये गाजला. वापरणाऱ्यांचंच इंटरनेट ती दुसऱ्यांना पैसे घेऊन देत होती! आणि २०२० मध्ये हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएनसह काही सेवांच्या नोंदी उघड्यावर सापडल्या. यांची जाहिरात काय होती? 'आम्ही कुठल्याच नोंदी ठेवत नाही.'

उलट उदाहरणही आहे. स्वीडनमधल्या मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या ऑफिसवर एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीसाठी गेले आणि ग्राहकांची कसलीच माहिती न घेता परतले. कारण न्यायला काही नव्हतंच, असं कंपनीने जाहीर केलं. 'नो लॉग्ज' लिहिणं सोपं, पण ते असं कसोटीला उतरलं तर खरं. म्हणून कंपनीने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतलीय का, अहवाल जाहीर केलाय का, ते बघा. सगळ्या फुकट सेवा वाईट असतात असंही नाही. पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर मर्यादित फुकट सेवा देणाऱ्या कंपन्याही आहेत. फक्त पैसे कुठून येतात हे स्पष्ट हवं.

'इंडिया' सर्व्हर खरंच इंडियात?

परदेशात बसून इथल्या सिरियल बघायच्या, म्हणून अनेकांना भारताचा सर्व्हर हवा असतो. गंमत म्हणजे तो बहुधा भारतात नसतोच! सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी अशी माहिती पाच वर्षं जपून ठेवायची. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा कंपन्यांनी इथले सर्व्हर काढून घेतले. मग एक्सप्रेसव्हीपीएनसारख्यांनी सिंगापूर वगैरे ठिकाणच्या मशिनला भारतीय पत्ता दिला. काम चालतं, पण वेग कमी पडू शकतो. शिवाय अनेक ओटीटी कंपन्यांच्या अटींमध्ये हे बसत नाही आणि त्या असे पत्ते ओळखून अडवतातही. फक्त सिरियलसाठी वर्षाचे पैसे भरणार असाल तर दोनदा विचार करा.

आणि हो, ऑफिसच्या लॅपटॉपवरचा व्हीपीएन ही वेगळीच चीज. लॉकडाउनमध्ये आपण सगळ्यांनी तो वापरलाय. तो कंपनीच्या कामासाठी असतो आणि त्यावरून काय जातंय हे आयटी विभाग पाहू शकतो. रात्रीच्या घरगुती गप्पा त्यावरून नकोत.

रस्ताच नसेल तर?

आणखी एक गैरसमज. व्हीपीएन असला की कसलीही बंदी मोडता येते, असं अनेकांना वाटतं. आपल्या पुढच्याच स्टेशनाचं उदाहरण ताजं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळकरी मुलींवरच्या अत्याचाराविरोधात लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर शहरातलं इंटरनेट काही काळ बंद ठेवलं गेलं. अशा वेळी जगातला सर्वात महागडा व्हीपीएनही कामाचा नाही. एखादी साइट अडवली असेल तर बोगदा उपयोगी पडतो. रूळच उखडले असतील तर गाडी बोगद्यापर्यंत पोचणार कशी? म्हणून घरचा साधा फोन नंबर आणि आंतरराष्ट्रीय कॉलचं थोडं बॅलन्स, हे हाताशी हवंच.

निघण्याआधीची चेकलिस्ट

• जाणार त्या देशाचा कायदा आधी वाचा, कंपनीच्या एचआरला लेखी विचारा. 'सगळे करतात' हे उत्तर धरू नका.
• फक्त घरी बोलायचंय? मग तिथे परवाना असलेलं ॲप शोधा. बऱ्याचदा व्हीपीएन लागतच नाही.
• व्हीपीएन कायद्यात बसत असेल आणि घ्यायचाच असेल, तर तो इथूनच इन्स्टॉल करून, चालवून बघून न्या.
• कंपनीचा मालक कोण, ती कोणत्या देशातली, बाहेरची तपासणी झालीय का, हे तपासा.
• बोगदा तुटला तर इंटरनेटही आपोआप थांबवणारा किल स्विच ॲपमध्ये हवा. नाहीतर मधेच सगळं उघड्यावर येतं.
• सुरुवातीला एकच महिना घ्या. तीन वर्षांच्या 'धमाका' ऑफरला भुलू नका. ॲप तिथे चाललंच नाही तर पैसे अडकतात.
• बँकेच्या ओटीपीसाठी भारतीय सिम चालू ठेवा. व्हीपीएन लावून बँकेचं ॲप उघडलं तर दर वेळी बदलणारा पत्ता बघून बँक व्यवहार अडवू शकते.

आणि शेवटचं काम, जे यादीत कुणीच लिहीत नाही. कॉलला दोन टोकं असतात. तुमच्या फोनमध्ये सगळं चकाचक, पण आई-बाबांच्या फोनमध्ये ॲपच नाही, तर उपयोग काय? निघायच्या आठवडाभर आधी त्यांच्या फोनमध्ये ते ॲप टाका. तुम्ही बेडरूममध्ये, ते हॉलमध्ये, असे दोन-चार ट्रायल कॉल करा. हिरवं बटण कुठलं, आवाज आला नाही तर काय दाबायचं, हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. मग खुशाल विमानात बसा.