प्रेरणा कोणाची, कोणासाठी?

आपल्या साहित्यविचारात ‘प्रेरणा’ या शब्दाला एक निश्चित अर्थ आहे. दलित साहित्याची प्रेरणा कोणती, या प्रश्नावर आपण पुष्कळ चर्चा केल्या आणि आंबेडकरी विचार हेच तिचे उत्तर आहे, असे ठामपणे सांगितले. आता हाच शब्द कार्यालये, कारखाने, बँका आणि महाविद्यालये यांतून वेगळ्याच अर्थाने फिरतो आहे. कर्मचाऱ्यांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रशिक्षण’ घेतले जाते. त्यामागचे शास्त्र काय आहे आणि ते आपल्या माणसाच्या वाट्याला कोणत्या रूपात येते, हे समजून घेतले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी अशा एका प्रशिक्षणाला मी बसलो होतो. तेव्हा मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. शेवटच्या रांगेत कंत्राटी शिपाई आणि सफाईकाम करणाऱ्या मावशी होत्या. त्यांचे तीन महिन्यांचे वेतन थकले होते. वक्त्याने फळ्यावर त्रिकोण काढला. तळाशी भूक, शिखरावर आत्मविकास. संस्था म्हणजे आपले कुटुंब आहे, दृष्टिकोन बदला, असे त्याने सांगितले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “सर, पगार कधी होईल?” सभागृहात हशा पिकला. हा प्रश्न आजच्या विषयात बसत नाही, असे वक्ता म्हणाला. मी गप्प राहिलो. पुढच्या सत्रातले माझे तासही त्याच माणसांच्या हाती होते.

पुढे मी हे शास्त्र मुळातून वाचले, तेव्हा कळले की मावशींचा प्रश्न विषयाबाहेरचा नव्हता. तोच विषय होता.

अब्राहम मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली मानवी गरजांची उतरंड मांडली. आधी पोट, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग प्रतिष्ठा आणि शेवटी आत्मविकास. फळ्यावरचा तो त्रिकोण मात्र मास्लोच्या लेखात नाही. तो पुढे व्यवस्थापनाच्या जगाने काढला. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. वेतन, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, संस्थेचे धोरण या गोष्टी बिघडल्या की असंतोष निर्माण होतो. त्या ठीक असल्या म्हणून उत्साह येतोच असे नाही. उत्साह येतो तो कामातील यश, मान्यता, जबाबदारी आणि प्रगती यांमुळे. याचा सरळ अर्थ असा, की पहिल्या यादीतील थकबाकी भाषणाने फेडता येत नाही. आणि हेही ध्यानात ठेवावे, की हा अभ्यास पिट्सबर्ग भागातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर उभा आहे. झाडू मारणाऱ्याला त्यात कोणी विचारले नव्हते.

डग्लस मॅक्ग्रेगरने १९६० साली नेमके मर्मावर बोट ठेवले. माणूस मुळात आळशी आहे, त्याला धाक हवा, या व्यवस्थापकाच्या गृहीताला त्याने ‘एक्स’ म्हटले; माणूस जबाबदारी पेलू इच्छितो, या गृहीताला ‘वाय’. म्हणजे आधी तपासायचे ते वरिष्ठाचे मन. आपल्याकडे हे ‘एक्स’ गृहीत जन्मावरूनच ठरते. राखीव जागेवरून आलेल्याला काम येत नसणार, हे तो खुर्चीवर बसण्याआधीच ठरलेले असते.

मास्लोची उतरंडही आपल्या इतिहासाने तपासली आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेलेली माणसे भरल्या पोटाची नव्हती. तरी ती केवळ तहानेसाठी गेली नव्हती, समतेचा हक्क बजावण्यासाठी गेली होती. पोट भरल्यावर प्रतिष्ठा, हा क्रम त्यांनी मानला नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांचेच पाहा. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी अधिक मिळे. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या भीतीने स्पृश्य कामगार अस्पृश्यांना तिथे येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्या कामगारांत प्रेरणेची वाण नव्हती. त्यांना दार बंद होते. पुढे मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली कारखाने कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि ४८ तासांचा आठवडा कायद्यात आला. त्यांनी कामगाराला दृष्टिकोन बदलायला सांगितले नाही, कामाचे नियम बदलले.

‘कुटुंब’ हा शब्द मला नवा नव्हता. माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे. चार पैसे वाढवून मागितले की मालक म्हणायचा, “अरे, तू तर घरचाच माणूस.” या घरच्या माणसाचे ताट मात्र ओसरीबाहेर असे.

माझे गाव हिंगोली जिल्ह्यातले नरसी नामदेव. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली, चोखामेळा तिच्याखाली गाडला गेला आणि नामदेवांनी त्याची हाडे शोधून पंढरपूरला नेली, असे परंपरा सांगते. आषाढीनंतर परतवारीला आमच्या गावी गर्दी लोटते, तेव्हा भक्तीची थोरवी म्हणून ही कथा ऐकू येते. मला तिच्यात ती भिंत दिसते. चोखामेळ्याच्या निष्ठेत काही उणे नव्हते. उणे होते ते भिंतीत, आणि त्याला तिच्याखाली राबवणाऱ्या व्यवस्थेत.

म्हणून अशा प्रशिक्षणावर बहिष्कार घाला, असे मी म्हणत नाही. तिथे जा, पण प्रश्न घेऊन जा. वेतन कोणत्या तारखेला होते? कंत्राटदाराने ते थकवले तर देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे. ते इथे पाळले जाते काय? बढती कोणाची अडली आहे, आणि का? व्यवस्थापकांचे प्रशिक्षण आधी झाले काय? या प्रश्नांना जागा असेल तर त्या प्रशिक्षणाला अर्थ आहे.

त्या दिवशी मावशी एकट्या उभ्या राहिल्या. शिकलेला मी बसून होतो. त्यांच्यासोबत दुसरा माणूस उभा राहिला असता, तर सभागृह इतक्या सहज हसले नसते.