जट

गडहिंग्लज तालुक्यातलं एक अंगण. चौदा वर्षांची मुलगी पाटावर पाठमोरी बसली आहे. मानेपासून कमरेपर्यंत जट लोंबते आहे. तेल, भंडारा, घाम, धूळ सगळं तिच्यात वळून दोरखंडासारखं घट्ट झालंय. जवळ गेलं की आंबूस वास येतो. कात्री मुळाशी शिरत नाही. जट सोडवायला आलेल्या ताई आधी केस पाण्यानं भिजवतात, मग कातडी कुठं संपते ते बोटांनी चाचपतात.

आई जोत्यावर खाली मान घालून बसलीय. "जोगतीण म्हणाली, यल्लामाचं बोलावणं हाय. पोरीला देवीला सोडा, न्हाईतर घराचं वाटोळं हुईल." फणी फिरली नाही, केस धुतले नाहीत की गुंता होतो, हे तिला दोनदा सांगून झालंय. ती 'व्हय' म्हणते, आणि पुन्हा पदराचं टोक पिळत बसते.

शेजारी एक मावशी आहेत. सौंदत्तीच्या डोंगरावर त्यांच्या गळ्यात यल्लामाची माळ पडली तेव्हा त्या न्हात्याधुत्याही झाल्या नव्हत्या. पुढं गावातल्याच एका बाईनं त्यांना कामाठीपुऱ्यात पोचवलं.

"दाराला कुलूप नव्हतं बघा," त्या सांगतात. "पळायचं मनात आलं की घरवाली देव्हाऱ्यातल्या आईकडं बोट करायची. 'माळ हाय तुझ्या गळ्यात. गेलीस तर अंगभर फोड उठतील.' एकदा स्टेशनापत्तुर गेले. दंडावर पुरळ दिसलं. तशीच माघारी फिरले."

उन्हाळ्याचे दिवस होते, घामोळं असेल ते, असं त्या आता म्हणतात. मला मात्र ते ऐकवत नाही. या बायकांच्या देवीशी माझं भांडण नाही. पण तिच्या नावानं पोरी विकणाऱ्यांनी पहाऱ्याचं काम त्या पोरींच्याच श्रद्धेवर टाकलं, आणि हा पहारा झोपेतही उठत नाही.

कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं मुली देवाला सोडायला बंदी आली, महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५ चा. मी कायद्याचं नाव काढते तशी आई दचकते. "पोलीस येत्यात व्हय?"

"पोलीस कशाला येतील, वहिनी? तुम्ही पोरीला सोडलेली न्हाई," ताई म्हणतात आणि कात्री दाबतात. करकर आवाज होतो. पोरगी खांदे आवळून घेते. "दुखतंय?" "न्हाई. मान हलकी लागतीया."

जट परातीत पडते. तिला हात लावायला कुणी पुढं येत नाही. शेवटी मावशीच परात उचलतात.

आई हळूच विचारते, "आता म्हैस आटली तर? धाकट्याला ताप आला तर?"

ताई खडू मागून घेतात आणि दाराच्या फळीवर आपला नंबर मोठ्या आकड्यांत लिहितात. "काहीबी झालं तरी जोगतिणीच्या आधी मला फोन करायचा. म्हशीला डॉक्टर मी आणते. धाकट्याला दवाखान्यात मी नेते."

"रात्रीचं?"

"रात्रीचंबी."

आई मुलीला हाक मारते, नंबर मोठ्यानं वाचायला सांगते.