प्रौढ विद्यार्थी आणि मराठीचा वर्ग

महाराष्ट्राबाहेर प्रौढांना मराठी शिकविण्याचा उपक्रम नवा नाही. कलकत्त्यास 1800 साली स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनी सरकारच्या तरुण अधिकाऱ्यांना ज्या देशी भाषा शिकविल्या जात, त्यांत मराठीही होती. तेथील अध्यापक विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने 1805 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्याला नित्याच्या व्यवहारावरील संवाद जोडले. केवळ नियम पाठ करून प्रौढ मनुष्य भाषा बोलू लागत नाही, ही जाणीव त्या संवादांमागे दिसते. 1969 मध्ये म्हैसूर येथे भारतीय भाषा संस्थानाची स्थापना झाली व त्याच्या पुणे येथील पश्चिम क्षेत्रीय भाषा केंद्रात इतर राज्यांतील शिक्षक दहा महिने राहून मराठी शिकू लागले. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांची 1975 च्या सुमाराची पाठ्यपुस्तकेही प्रौढ परभाषिकालाच समोर ठेवून लिहिलेली आहेत.

असे असूनही महाराष्ट्राबाहेरील एखाद्या विद्यापीठात मराठीचा वर्ग सुरू होतो तेव्हा अध्यापकाच्या हाती पुष्कळदा प्राथमिक शाळेचे क्रमिक पुस्तकच येते. परिणामी, सहा भाषांतील साहित्य वाचलेला संशोधक बडबडगीते म्हणू लागतो आणि काही आठवड्यांनी वर्गात येईनासा होतो. या गळतीचे खापर विद्यार्थ्याच्या आळसावर फोडणे सोपे आहे. वस्तुतः प्रौढ विद्यार्थी ही कोरी पाटी नसते, हे वर्गाच्या रचनेत मान्य केलेले नसते, हे तिचे मुख्य कारण होय. प्रौढांच्या वर्गाची शिस्त हजेरीपटातून येत नाही; आपल्याजवळचे ज्ञान येथे उपयोगी पडते आहे, या विद्यार्थ्याच्या प्रत्ययातून ती येते.

अशा वर्गात कोण बसलेले असते, याचा प्रथम विचार करू. एक हिंदीभाषक शोधछात्र असतो, एखादी बंगाली अनुवादिका असते, मल्याळी कर्मचारी असतो, विवाहाने मराठी घरात आलेली पंजाबी सून असते. या सर्वांना एकच पाठ सारख्याच गतीने देणे म्हणजे कोणालाच काही न देणे. हिंदीभाषकाला देवनागरी अवगत असते. पहिल्याच दिवशी तो वाचू लागतो आणि आपल्याला मराठी येते अशी त्याची समजूत होते. पण 'पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. 'आत्मा' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. 'शिक्षा', 'चेष्टा', 'संसार', 'अभ्यास' हे शब्द तर ओळखीचा चेहरा दाखवून फसवितात. 'मला उत्तम शिक्षा मिळाली' असे हिंदी किंवा बंगाली विद्यार्थी अभिमानाने सांगतो, तेव्हा मराठी श्रोता चकित होतो.

याउलट मल्याळी किंवा तमिळ विद्यार्थ्याची सुरुवात लिपीपाशी अडखळते. मात्र 'आम्ही' आणि समावेशक 'आपण' यांतील भेद त्याला समजावून सांगावा लागत नाही. तो त्याच्या मातृभाषेतच आहे. हिंदीभाषकाला तो मुद्दाम शिकावा लागतो. 'ळ' चा उच्चार दाक्षिणात्य, ओडिया व गुजराती विद्यार्थी सहज करतात. 'चाक' मधील 'च' आणि 'चार' मधील 'च' लिपीत एकच असला तरी उच्चारात वेगळा आहे, हे तेलुगूभाषकाच्या कानाला लवकर उमगते. गुजराती विद्यार्थ्याला तीन लिंगांचे नवल वाटत नाही. बंगाली विद्यार्थ्याला व्याकरणिक लिंग हीच मुळात नवी कल्पना असते. याचा अर्थ असा की वर्गातील प्रत्येक जण कोठे तरी पुढे आणि कोठे तरी मागे आहे. अध्यापकाने ही विषमता अडचण न मानता साधन मानली पाहिजे.

ते साधन वापरावे कसे? पहिली गोष्ट बैठकीची. एकाच मातृभाषेचे विद्यार्थी शेजारी बसले की वर्गाची कुजबुज त्या भाषेत चालते. भिन्न भाषांच्या दोघांना एकत्र बसविल्यास त्यांना मराठीचाच आधार घ्यावा लागतो. हिंदीभाषकाने मल्याळी सहाध्यायाला अक्षरे वाचून दाखवावीत, त्याने याला 'आपण' चे मर्म सांगावे. मग एकाची हुशारी दुसऱ्याला खुपत नाही. प्रत्येक मुद्दा हिंदीतून स्पष्ट करण्याची अध्यापकाची सवयही येथे तपासून पाहिली पाहिजे. तिने वर्गाचा एक भाग नकळत बाहेर राहतो.

दुसरी गोष्ट चुकांची. बालक चुकीने लाजत नाही, प्रौढ लाजतो. त्याचे वाक्य मध्येच तोडले तर तो पुढे बोलतच नाही. म्हणून बोलणे पूर्ण होऊ द्यावे, चुका टिपून ठेवाव्यात आणि तासाच्या अखेरीस, नाव न घेता, त्यांतील एकाच प्रकारच्या चुका फळ्यावर मांडाव्यात. 'मीने आंबा खाल्ला' हे हिंदीभाषकाचे वाक्य आणि 'मी पोळी खाल्लो' हे बंगालीभाषकाचे वाक्य शेजारी लिहिले, तर दोन्हींमागचा तर्क दिसतो. पहिल्याने हिंदीतील 'ने' प्रत्यय येथे आणला. दुसऱ्याने क्रियापद कर्त्याशी जुळविले, कारण त्याच्या भाषेत ते कर्त्याशीच जुळते. 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले' ही मराठीची रीत त्यानंतर सांगितली म्हणजे ती नियम म्हणून डोक्यावर आदळत नाही. चूक ही अज्ञानाची खूण न ठरता मातृभाषेची साक्ष ठरते.

तिसरी गोष्ट वेळेची आणि संबोधनाची. सायंवर्गाला येणारा मनुष्य दिवसभराचे काम आटोपून येतो; त्याला उशीर होणारच. पहिली दहा मिनिटे उजळणीला द्यावीत आणि प्रत्येक तास शक्यतो स्वयंपूर्ण ठेवावा, म्हणजे एक पाठ चुकलेला विद्यार्थी पुढच्या पाठात परका होत नाही. विद्यार्थ्यांना 'तुम्ही' म्हणावे. त्यांतील काही अध्यापकाहून वयाने वडील असतात. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांचा सामाजिक भार शिकविण्याचा याहून प्रत्यक्ष पाठ दुसरा नाही.

चौथी गोष्ट पाठ्यसामग्रीची. भाषा सोपी असावी, विचार बालिश नसावा. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती, लग्नपत्रिका, वाचकांची पत्रे यांपासून आरंभ करता येतो. पुढे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' मधील निवडक उतारे द्यावेत. त्यांची शैली बोलण्याच्या वळणाची आहे. शिवाय लक्ष्मीबाई स्वतः विवाहानंतर पतीजवळ लिहावाचावयास शिकल्या होत्या, हे कळल्यावर प्रौढ विद्यार्थ्याला त्या पुस्तकात एक सहाध्यायीच भेटते.

या साऱ्याचा प्रश्न केवळ एका वर्गाच्या यशापुरता नाही. भारतीय साहित्यांचा परस्पर व्यवहार आज मोठ्या प्रमाणात हिंदी किंवा इंग्रजीच्या मध्यस्थीने चालतो. मामा वरेरकरांनी बंगाली आत्मसात करून शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, म्हणून मराठी वाचकाला ते आपलेसे वाटले. मराठीतून मल्याळम, ओडिया वा असमियात असे थेट काम करणारा अनुवादक बहुधा प्रौढपणीच मराठी शिकलेला असणार. तो घडण्याच्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांत हा सायंवर्ग एक आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पण त्या दर्जाने परभाषिक वाचक आपोआप निर्माण होत नाहीत. तुलनात्मक साहित्याच्या चर्चेला मूळ मराठी वाचणारे अभ्यासक हवे असतील, तर तिसऱ्या महिन्यानंतरही तो वर्ग भरलेला राहील अशी व्यवस्था आपल्या विभागांनी केली पाहिजे.